देवीचं सेटिंग

“वायर काढा! काका, आधी वायर काढा! पेटलं, पेटलं!”

सचिन ओरडत होता. सचिन म्हणजे आमच्या बागायतदार सोसायटीचा आत्ताचा सेक्रेटरी. वय कोवळं, पण घसा असा की भाट्याच्या पुलावर उभा राहून ओरडला तर पार पावस गावात लोक दारं उघडून बाहेर येतील. रिकाम्या आंब्याच्या पेट्यांच्या थप्पीवर तो चढून उभा होता, जणू खाली पूर आलाय. खाली टेबलावर आमचं जुनं टर्मिनल बसलं होतं. पुढे काच, पाठीला कुबड, पायाशी किबोर्ड. आणि त्या कुबडाच्या फटींतून धुराची एक बारीक वेल वर चढत होती. मी वायरीकडे झेप घेतली. माझ्या गुडघ्यांचं वय पाहता ‘झेप’ हा शब्द थोडा मोठा होतो, पण राहू दे.

“कोणी हात लावायचा नाही,” नलूआत्या खुर्चीतून म्हणाली. “धूळ जळतेय. जळू दे तिला.”

खरंच, वास आगीचा नव्हता. तापलेल्या धुळीचा होता, आणि त्या धुळीत काय काय होतं! पेट्यांत अंथरायचं भाताचं गवत होतं, आंब्याच्या देठाचा चीक होता, खाडीवरून येणारं मीठ होतं, रस्त्यापलीकडे सुकत घातलेल्या बांगड्यांची दटावणी होती. एक श्वास घेतला आणि माझं सुटलेलं पोट आत गेलं, गेलेले केस परत आले. सचिनला विचारलंत तर तो असं काही झालं नाही म्हणेल. तो तेव्हा जन्मला नव्हता, त्याला काय दिसणार.

सोसायटीची ही जुनी वखार आता पाडणार आहेत. आतलं सगळं भंगारात द्यायचं ठरलं होतं आणि टेम्पो दुपारी यायचा होता. आत्याला हे कळलं तेव्हा तिने मला फोन केला. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. या टर्मिनलसमोर तिचं निम्मं आयुष्य गेलं. आता उजवा डोळा डॉक्टरांनी सोडून दिलाय आणि डाव्यात वस्तूंच्या नुसत्या कडा उरल्यात. चहाचा कप ती वाफेवरून ओळखते. फोनवर एवढंच म्हणाली, “ती काच मला एकदा उजळलेली बघायचीय रे. दिसतंय तोवर.” पावसहून रिक्षा केली आणि तिला घेऊन आलो.

धूर विरला. आतला पंखा घुमायला लागला. पण काच काळीच राहिली, तव्यासारखी.

“गेलेलं आहे ते, काका,” सचिन थप्पीवरून उतरत म्हणाला. “आजींना उगाच त्रास दिलात. टेम्पो येईल आता.”

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळून काचेवरची धूळ पुसली. मी वाकून पाहिलं, आणि अंगावर काटा आला तो अजून पूर्ण बसलेला नाही. काळ्या, मेलेल्या काचेत सोसायटीच्या नावाची ओळ होती! दिवा नाही, अक्षर नाही, तरी ओळ होती. इतकी वर्षं ती एकाच जागी बसून राहिली की तिने काचेला डाग दिला होता, गुराला देतात तसा. त्या ओळीतून मी आत गेलो. मी काही मुद्दाम गेलो नाही. तिनेच ओढलं.

हे टर्मिनल मुंबईहून आलं तेव्हा ट्रकमध्ये त्याला दोन गाद्या, एक रजई आणि उशी होती. नव्या नवरीलासुद्धा आमच्याकडे एवढं कोणी देत नाही. गाव लोटलं. त्या दिवशी बंदरावरचा मासळीचा लिलाव उशिरा सुरू झाला. सुरमई टोपलीत पडून वाट बघत राहिली, असं मी सांगतो आणि आजवर कुणी मला खोटं ठरवलेलं नाही. मी तेव्हा सोसायटीत माल उतरवून घ्यायच्या कामाला होतो. बावीस-तेवीसचा, अंगात मस्ती, एका खांद्यावर तीन पेट्या. हमालांना प्रत्येक वस्तू पेटीच वाटायची, म्हणून त्यांनी बारसं करून टाकलं: काचेची पेटी.

माडीवर एक थंड खोली केली होती. तिच्यात दोन लोखंडी कपाटांएवढं मुख्य मशीन राहायचं आणि तिथून एक जाडजूड तार खाली टर्मिनलपर्यंत यायची. वैशाखात आम्ही खाली घामाने विरघळत होतो, आंबे गवतात बसून पिवळे होत होते, आणि वर ते मशीन महाबळेश्वरची हवा खात बसलेलं. हमाल जिन्यापाशी उभे राहून दाराच्या फटीतून येणारी गार झुळूक गळ्याला लावून घ्यायचे, गंध लावावं तशी.

काच उघडली की आधी एक शीळ यायची. इतकी बारीक की ती फक्त तरुणांना आणि कुत्र्यांना ऐकू जायची. आमच्या वखारीचं कुत्रं सकाळी कान टवकारून बसलं की समजायचं, आत्या आली. मग काळ्या काचेवर हिरवी अक्षरं फुटायची, आंब्याच्या झाडाखाली काजवे फुटतात तशी. आणि त्यांच्या पुढे तो कर्सर. लुकलुकायचा, थांबायचा, लुकलुकायचा. किल्ल्यावरचा दीपस्तंभ आणि हा कर्सर यांची लय एकच आहे असं मी तेव्हा शपथेवर सांगायचो. काचेजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहायचे. हमाल रांगेने येऊन हात दाखवून जायचे. कोण म्हणे संधिवात गेला, कोण म्हणे जुना ताप उतरला.

आणि त्या पेटीला मनःस्थिती होत्या हो! माणसाला असतात तशा. कळा दाबून बदलता यायच्या, एवढाच फरक. दर कळेला ‘टिक’ असा आवाज हवा तर हवा, नको तर मुकं. ओळी टुणकन उडी मारून वर जातील, किंवा भरती चढावी तशा हळूहळू सरकतील. कर्सर ठोकळ्यासारखा बसेल, किंवा अक्षराच्या पायाशी रेघ होऊन लोळेल.

पण मला वेड लावलं ते लोकल आणि ऑनलाइनने. ऑनलाइन असलं की आत्या लिहील ते तारेतून वर थंड खोलीत जायचं, आणि तिथे कायमचं. लोकल केलं की लिहिलेलं फक्त काचेवर. कुठे जात नाही, कुणाला कळत नाही, पुसलं की नव्हतंच. जेवणाच्या सुट्टीत आत्या चार नंबरची कळ दाबून लोकल करायची आणि डबा खाता खाता डाव्या हाताने मनातलं लिहायची. इंग्रजी अक्षरांत मराठी. आज माशात मीठ जास्त झालं. चेअरमन भाऊ सकाळपासून फणफणतायत. खाडीला भरती आहे, वास येतोय. शेवटचा घास गिळला की एका बोटात सगळं साफ. मी खांबाआडून वाचायचो आणि छाती भरून यायची. इतकं मोठं यंत्र, तारा, थंड खोली, मुंबईची माणसं, आणि त्यात एका बाईपुरती एवढीशी खासगी खिडकी कुणीतरी ठेवली होती. कुणी ठेवली असेल? कुठल्या देशातल्या कोणाला ठाऊक होतं की रत्नागिरीत नलूला लागेल?

आणि मोठी अक्षरं! रोजच्या कामाचा मथळा काचेवर दुप्पट उंच दिसावा असा चेअरमन भाऊंचा हट्ट होता. त्याला कळांचा एक मंत्र होता. तो म्हणून एक ओळ लिहायची की अक्षरांची फक्त वरची अर्धी अंगं उमटायची, डोकी आणि खांदे. मग दुसरा मंत्र म्हणून तीच ओळ पुन्हा खाली लिहायची, की कमरेखालचं अंग येऊन चिकटायचं, आणि अक्षर माडासारखं उभं. आत्या पहिली ओळ लिहून मुद्दाम थांबायची. हमाल डोकी बघून अख्खा शब्द ओळखायची पैज लावायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं तेच जास्त जिंकायचे.

मग एका पावसाळ्यात मुंबईचा साहेब आला. टाय लावून, छत्री उलटी झालेली, बूट चिखलाने दुप्पट. त्याचं म्हणणं, मुंबईला पाठवायचा रुंद कागद काचेवरही एकाच ओळीत दिसला पाहिजे. त्याने किबोर्डच्या कोपऱ्यातली सेट-अप नावाची कळ दाबली. काचेवर एक आणि शून्यांची रांग आली, भातलावणीच्या ओळीसारखी. नऊ दाबला आणि ऐंशी अक्षरांची ओळ एकशे बत्तीस अक्षरांची झाली. पण काच तेवढीच ना! मग अक्षरं उपाशी राहिली. इतकी रोडावली की तीन कुठला आणि आठ कुठला ते देवाने सांगावं. शेवटी साहेबाने एका हाताने शिफ्ट धरली, दुसऱ्याने एस दाबलं. “हे सेव्ह,” तो भाऊंना म्हणाला. “आता वीज गेली तरी पेटी विसरणार नाही. सेव्हला दोन्ही हात लागतात, म्हणजे चुकून कधी होत नाही.” जाताना त्याने सेट-अपच्या कळेवर चिकटपट्टीची फुली मारली आणि बजावलं, ही कळ दाबणाऱ्याची नोकरी गेली समजा.

आत्याचे डोळे तेव्हाच अधू होते, पण ते फक्त घरात माहीत. त्या उपाशी अक्षरांवर ती नाक टेकवून बसायची. संध्याकाळी तिच्या नाकाच्या शेंड्याला हिरवा रंग लागलेला मी पाहिलाय. चुका व्हायला लागल्या. खाडीकाठच्या एका म्हाताऱ्याची अंगणात तीन कलमं, त्याच्या नावावर इतकं खत चढलं की तेवढ्यात सह्याद्रीला मोहर आला असता. भाऊ तापले.

“नले, दसऱ्यापर्यंत बघतो,” भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले. “मग तू आपली पेट्यांत गवत भरायला बस. इथे दुसरं कोणी बघतो.”

“भाऊ, अक्षर बारीक केलंय हो. जरा मोठं करून—”

“मुंबईच्या साहेबाने केलंय ते. मुंबईपेक्षा तू मोठी काय गो?”

आत्या पुन्हा काचेला नाक टेकवून बसली. गवत भरण्यात कमीपणा नव्हता, माझी आईही भरायची. पण ती खिडकी गेली असती. हे फक्त मला कळत होतं, आणि मी खांबाआडचा माणूस, बोलणार काय?

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कोयते, आंबे उतरवायचे झेले, वजनकाटा, भाऊंची मोटारसायकल, सगळी हळदीकुंकू लावून बसतात. काचेची पेटीही बसली. भाऊ म्हणाले, देव जागा हवा, पेटी चालू ठेवूनच पूजा करायची. सोमा गुरव आला. झेंडूचा हार कुबडावरून काचेवर. धूप असा घातला की आंब्यांवरचा तुडतुडा आमच्या वखारीतून कायमचा गेला. पूजेचं सामान ठेवायला जागा कुठली? समोर किबोर्ड होता, सपाट, चौरंगासारखा. सोमाने सगळी पूजा किबोर्डावरच मांडली. नऊवर सुपारी. मधल्या कळांवर केळ्यांचा फणा. आणि कोपऱ्यात, त्या चिकटपट्टीच्या फुलीवर, अगदी नेम धरून, शेंडीवाला नारळ. पेटी टिंग टिंग करत होती. ती तक्रार आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही, घंटाच वाटली.

आरती सुरू झाली. टाळ, झांज, सोमाचा फाटका आवाज, भाऊंचा त्याहून फाटका. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझेही. आत्या सवयीने किबोर्डापाशीच उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन.

डोळे उघडले तेव्हा...

हे मी शेकडो लग्नांत सांगितलंय, आणि दर वेळी या जागी मला पाणी मागावं लागतं. काच काळी नव्हतीच! अख्खी काच हिरवी झाली होती, कडेपासून कडेपर्यंत. आषाढात तरवा वर येतो, लावायच्या आधीची ती भाताची रोपं, तोच रंग, तोच ओला उजेड. आणि त्या हिरव्यात अक्षरं काळी, धष्टपुष्ट, चिखलात वाकून लावणी करणाऱ्या माणसांसारखी. एकशे बत्तीसाची ओळ पुन्हा ऐंशीची झाली होती. ओळी टुणटुण उडायच्या थांबल्या आणि भरतीसारख्या सरकायला लागल्या. हार हिरवा दिसत होता. भाऊ हिरवे दिसत होते. सोमा गुरवाच्या हातातली आरती तशीच राहिली आणि कापूर त्याच्या बोटापर्यंत आला तरी तो हलला नाही. एक हमाल आडवा झाला, लोटांगण घालत थेट दारापर्यंत गेला. वीज घालवून पुन्हा आणली. काच पुन्हा हिरवीच उगवली.

“देवीने केलं,” भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक ऐकला.

दिवाळीनंतर मुंबईचा साहेब धावत आला. “हे असं होऊच शकत नाही,” तो कपाळाला हात लावून म्हणाला. “सेव्ह करायला दोन हात लागतात! कुणीतरी केलंय!”

“देवीला आठ हात आहेत,” भाऊ म्हणाले.

साहेबाने सेट-अपच्या कळेकडे बोट नेलं मात्र, हमालांनी त्याला अलगद उचलून बाजूला ठेवलं, नाजूक पेटी ठेवतात तसं. कौल लावायचा ठरला. आमच्या गावांत देवीला विचारल्याशिवाय विहीर खणत नाहीत, तर हे केवढं काम! आत्याने पुढे होऊन काच पुसून दिली, उजवी बाजू ओल्या फडक्याने, डावी कोरड्या. सोमाने गाऱ्हाणं घातलं, दोन ओल्या पाकळ्या काचेवर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि विचारलं: आहे तसंच ठेवायचं असेल तर उजवी पाकळी खाली दे. डावी पाकळी काचेला अशी बिलगली की पुढे ती नखाने काढावी लागली. उजवी सुळकन खाली आली आणि साहेबाच्या बुटावर पडली.

तो संध्याकाळच्या एसटीने गेला. पुन्हा कधी रुंद कागदाचं नाव काढलं नाही.

त्यानंतरचे सगळे हंगाम हिरव्या उजेडात गेले. एकीकडे पेट्या ठोकल्याचा ठकठकाट, दुसरीकडे आत्याचं टिकटिक, गवतात दबलेल्या आंब्यांचा तो गोड, जड वास, ज्याने दुपारी माणूस उभ्याउभ्या झोपतो. आत्याच्या तोंडावर तो उजेड पडलेला असायचा. चूक एक नाही. देवीच्या काचेसमोर बसणारी म्हणून तिला भाऊही अहोजाहो करायला लागले. मग नवे कॉम्प्युटर आले, चपटे, रंगीत, कुठल्याही शिळेशिवाय. थंड खोलीतलं मशीन कापून नेलं. तार तशीच लोंबत राहिली. ते वखारीचं कुत्रं, हमालांच्या पैजा, सोमाचा फाटका आवाज, एकेक करून काचेवरून वर सरकत गेले, भरतीसारखे, हळू, आणि वरच्या कडेपलीकडे काय असतं ते काही दिसलं नाही.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

“आला बंड्या,” सचिन म्हणाला. “चला काका, उचलू या का?”

“खुर्ची पुढे घे माझी,” आत्या म्हणाली.

मी घेतली. तिने दोन्ही हात किबोर्डावर ठेवले. बोटं कोपऱ्याकडे गेली, चाचपडत, आणि एका कळेवर थांबली. जुन्या चिकटपट्टीचा चिकटा तिथे अजून होता. त्यानेच तिला वाट दाखवली.

“आत्या, ती मेलीय ग,” मी हळूच म्हटलं.

“मेली कशी? शेवटच्या दिवशी मीच हिला मावळवून ठेवलंय. उजेड पार खाली नेला आणि सेव्ह केलं. म्हटलं, उगाच कोणाच्या डोळ्यावर नको.”

तिने कळ दाबली. काच काळीच. मग वरच्या बाणावर बोट ठेवून ती टोचायला लागली, एकदा, पुन्हा, पुन्हा, शांतपणे, वात सारखी करावी तशी. आधी काळ्याचा करडा झाला. मग करड्यात कुठूनतरी ओल आली. आणि मग, देवा शपथ, खिडकीतून आत आलेलं ऊन बाजूला सरलं! कडेपासून कडेपर्यंत तरवा उगवला. तोच रंग. इतके पावसाळे, इतकी कुलपं, इतके उंदीर, आणि त्या पेटीने काही म्हणता काही सोडलं नव्हतं. काच हिरवी, ओळ ऐंशीची, सरकणं भरतीचं. सचिन तोंड उघडून उभा राहिला आणि त्याच्या दातांवर हिरवा उजेड पडला. एवढा घसा असून त्याला शब्द सापडेना.

आत्याने चार दाबून लोकल केलं. ऐकायला पलीकडे आता कोणीच नव्हतं, पण रीत ती रीत. मग तिने मंत्र दिला आणि एक शब्द लिहिला. डोकी उमटली, खांदे उमटले. ती थांबली, माझ्याकडे मान वळवली. मी पैज लावली नाही. माझ्याच डोळ्यांपुढे धुकं होतं. तिने दुसरा मंत्र दिला, तोच शब्द पुन्हा लिहिला, पाय आले, आणि हिरव्या शेतात सहा काळी इंग्रजी अक्षरं माडासारखी उभी राहिली. आत्या पुढे झुकली, डावा डोळा काचेपाशी नेला, आणि कडा जोडत जोडत स्वतःच वाचलं.

“दिसतंय,” ती म्हणाली. तेच लिहिलं होतं.

तेवढ्यात बंड्या भंगारवाला दोरी खांद्यावर टाकून आत आला. “कुठला माल उचलायचा? ह्यो काय?”

आता मी गप्प बसेन असं तुम्हाला वाटलं? मी टेबलाच्या आडवा उभा राहिलो आणि सांगितलं. नारळापासून कौलापर्यंत, लोटांगणासकट. त्यात साहेबाची वाचा महिनाभर गेली होती, हेही त्या दिवशी मला नव्याने आठवलं. वर हिरवी काच होतीच साक्षीला. बंड्या ऐकता ऐकता मागे सरकत गेला, आणि दारात त्याने चप्पल काढली.

“देवीची वस्तू मी नाय न्हेत,” तो म्हणाला. “माझ्या टेम्पोला आधीच एक आपघात झालाय.”

“मग मी करू काय हिचं?” सचिन रडकुंडीला आला. “काका, तुम्हीच घेऊन जा ना. पण जपून हां.”

बंड्याने दोरी देऊन टाकली, नुसती, आणि पाया पडून गेला.

तर आम्ही रिक्षात. मांडीवर टर्मिनल, त्यावर दोरी, शेजारी आत्या, तिच्या मांडीवर किबोर्ड, पदराने झाकलेला. भाट्याच्या पुलावर वारा आला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये आम्ही देवी घेऊन घरी निघालेले. छाती अशी फुगली होती की रिक्षावाला आरशातून दोनदा बघून गेला.

पूल अर्धा झाला आणि माझ्या डोक्यात कुठेतरी टिंग झालं. उजेड खाली नेला, आणि सेव्ह केलं. आरतीत डोळे मिटलेले. किबोर्डापाशी उभी. एक फडकं ओलं, एक कोरडं.

“आत्या,” मी म्हटलं, “ते सेव्ह... भाऊ म्हणाले होते, देवीला आठ हात असतात म्हणून.”

आत्या समुद्राच्या बाजूला तोंड करून बसली होती.

“मला दोन पुरले,” ती म्हणाली.